मुळासकट आणा

जानेफळला माझं कृषी सेवा केंद्र आहे, बत्तीस वर्षांपासून. बियाणं, खत, फवारणीची औषधं. पण लोक माझ्याकडे मुख्यतः येतात ते पिकावरचा रोग ओळखायला. माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, "भगवानराव, करपा आला." आमच्या भागात सगळ्या रोगांना हे एकच नाव आहे. पान पिवळं पडलं, करपा. शेंडा वाळला, करपा. चार दिवस पाणी द्यायचं विसरला, तरी करपाच. सुरुवातीची दोन वर्षं मी नुसता शब्द ऐकून औषध देत गेलो आणि शिव्या खात गेलो. मग एक नियम केला, पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतला आणि दाराला टांगला. रोप मुळासकट आणा. रोप नसेल तर औषध नाही.

या नियमापायी मी भल्याभल्यांना दारातून परत धाडलं आहे. एकदा सरपंच नुसतं एक पान खिशात घालून आला, त्यालाही धाडलं. तीन महिने त्याने मला नमस्कार केला नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि तोंडही बरं नाही. पण ओळखलेला रोग सहसा चुकत नाही, म्हणून लोक चालवून घेतात.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याच घरात रोग शिरला तेव्हा ही पाटी वाचायचं माझं मलाच सुचलं नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीत एक दार आहे, त्याला पडदा, आणि पडद्यापलीकडे आमचं घर. दुकानातला शब्दन्‌शब्द गीताबाईला स्वयंपाकघरात ऐकू जातो. गीताबाई म्हणजे माझी बायको, लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. ती पुढे दुकानात येत नाही. चहा झाला की पडद्यातून हात येतो, कपबशी टेबलावर ठेवतो आणि परत जातो. बत्तीस वर्षांत त्या हाताने किती कप ठेवले असतील कोण जाणे. मी कधी मागे वळून पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, इंद्रभान दुकानात आला होता. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचा वांग्याचा मळा आहे. दुकानात चार-पाच जण बसलेले, आणि हा आपला खांबाला टेकून उभा.

"बस ना बे," मी म्हणालो.

"नाई, उभाच बरा हाओ."

"काऊन बे? खुर्चीले काटे लागले का?"

तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मूळव्याध झाली रे. लय त्रास हाय."

तो हळू बोलला होता. मी हळू बोललो नाही. मी म्हणालो, "मंग यंदा ग्रामपंचायतीले उभाच राह्य. तसंही तुले बसता येत नाई."

दुकान हसून हसून लोळलं. इंद्रभानही हसला, करतो काय बिचारा. वर मी त्याला सल्लाही दिला. आमच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीवर तेव्हा मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, एका टोच्यात खात्रीशीर इलाज, दर गुरुवारी शेगावला, आणि खाली एका लॉजचं नाव. मी म्हणालो, "गुरुवारी जा. महाराजाचं दर्शनही होते अन तुहं कामही होते." रोप पाहिल्याशिवाय टोमॅटोला औषध न देणारा मी, माणसाला मात्र भिंत वाचून डॉक्टर सुचवला.

इंद्रभान गेला. लॉजच्या खोलीत त्या माणसाने त्याला कसलंतरी इंजेक्शन टोचलं. कसलं ते इंद्रभानलाही कळलं नाही. जागा पिकली, ताप भरला, दोन महिने तो पालथा पडून होता. ती बातमी दुकानात आली तेव्हाही माझं तोंड गप्प बसलं नाही. "मी म्हटलंच होतं," मी म्हणालो, "उभा राह्यला अन पडला." हा विनोद पुढे गावभर फिरला. तेवढ्यात पडद्यातून चहा आला. त्या दिवशी कपातला चहा बशीत सांडला होता, हे मला आठवतं, कारण त्यावरूनही मी ओरडलो होतो.

गीताबाईचं काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं ते गेल्या दिवाळीनंतर. खरं तर त्याआधीच यायला हवं होतं. ती दोन जिने चढून गच्चीवर पापड टाकायची, ती एका जिन्यात थांबायला लागली. लग्नकार्याला जायचं म्हटलं की डोकं दुखायचं. एस.टी.चा प्रवास तर तिने बंदच केला. जेवायला बसलो की म्हणायची, "मले उपास हाय." आठवड्यात किती उपास असतात? मी एकदा विचारलंही. ती म्हणाली, "देव काय कमी हायेत का?" मी हसलो आणि भाकरी मोडली.

जानेवारीत तूर घरी आली. पोती अंगणात उतरवून घेताना ती भिंतीला धरून उभी होती, आणि उभ्याउभ्याच खाली बसली. चेहरा पांढरा, ओठ पांढरे. मी धावलो, पाणी दिलं, वारा घातला. डोळे उघडल्यावर विचारलं, "काय होऊन राह्यलं तुले? खरं सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "अंगावरून जाते. लय दिवस झाले."

आता हा शब्द आमच्याकडच्या कुठल्याही पुरुषाच्या कानावर पडला की त्याचे कान आपोआप बंद होतात. तो बायकांचा शब्द आहे. तो ऐकला की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. घरात असेल त्या बाईला हाक मारायची, नाहीतर गाडी काढायची. मीही तेच केलं. किती दिवसांपासून, कसं, कुठून, एक अक्षर विचारलं नाही. नुसतं म्हणालो, "डॉक्टरकडे जाऊ."

"मेहकरले," ती लगेच म्हणाली. "त्या संजीवनी मॅडम हायेत ना, त्याईच्याकडे. दुसऱ्या कोणाकडे मी येत नाई."

तिचा आवाज एवढा ठाम मी क्वचितच ऐकला होता. चक्कर येऊन पडलेलं माणूस डॉक्टरचं नाव-गाव एका दमात सांगतं, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

डॉ. संजीवनी मेहकरला बायकांच्या आजाराच्या डॉक्टर आहेत. वाटेत गाडी चालवताना मी मनाशी सगळं ठरवून टाकलं. आमच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या बायकांची पिशवी काढलेली आहे. अन्नपूर्णाबाईंची काढली, कौशल्याबाईंची काढली, दोघीही ठणठणीत आहेत. आपणही काढून टाकू. मी तसं गीताबाईला बोलूनही दाखवलं. "भेऊ नको. पिशवी काढली की मोकळी झाली तू." ती खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं बघत होती. एका कुशीवर कलंडून बसली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होती.

दवाखान्यात दीड तास बसलो. म्हणजे मी बसलो, ती भिंतीजवळ उभी होती. नंबर आला तशी ती आत गेली. मी बाहेर थांबलो. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. एक सिस्टर रक्त काढायचं सामान घेऊन आत गेली, बाहेर आली. मला आता भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. शेवटी मॅडमनी आत बोलावलं. बाई पन्नाशीच्या आतल्या, केस कापलेले, बोलणं मोजकं.

"भगवानराव, यांचं ऑपरेशन मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "हा माझ्याकडचा आजारच नाही."

माझं डोकं सणकलं. "दीड तास बसलो आमी. मंग अगोदरच सांगाचं होतं. बाईमाणूस हाय, अंगावरून जाते, मंग हा तुमचा आजार नाई तर कोनाचा हाय?"

त्या रागावल्या नाहीत. समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. "पिशवी उत्तम आहे. तिला हात लावायचं काही कारण नाही. रक्त शौचाच्या जागेतून जातंय. बहुतेक मूळव्याध असावी. आणि इतके दिवस जातंय की शरीरात रक्त उरलेलं नाही. हिमोग्लोबिन साडेसहा आहे. बारा तरी हवं. या चालत कशा आल्या, याचंच मला आश्चर्य वाटतं."

मूळव्याध. तो शब्द मी ऐकला आणि गीताबाईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. कशाची वाट बघत होती ते तेव्हा मला कळलं नाही. मला हसू आलं नाही, एवढं खरं. मला साडेसहा हा आकडाच ऐकू येत होता.

"मंग शेगावले..." माझ्या तोंडून निघून गेलं. "तिथी गुरुवारी एक जण येते. लॉजवर."

"कोणती पदवी आहे त्यांची?"

मी भिंत आठवली. "खात्रीशीर लिह्यलं होतं."

"ती पदवी नव्हे," मॅडम म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला समजावलं, जसं मी एखाद्या नवख्या शेतकऱ्याला समजावतो, फक्त माझ्यासारखं न खेकसता. "हे बघा, मी 'असावी' म्हणाले. 'आहे' नाही म्हणाले. या वयात रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचंच, असं आत बघितल्याशिवाय कोणीही म्हणू नये. आतड्यात दुसरं काही असलं तरी असंच रक्त जातं. म्हणून आधी दुर्बिणीने आत बघणारा डॉक्टर पाहिजे. सर्जन पाहिजे, आणि त्यातही हे काम रोज करणारा. जो बघायच्या आधीच टोचतो, त्याच्याकडे जायचं नाही. आणि जो बघायच्या आधीच ऑपरेशनची तारीख देतो, त्याच्याकडेही नाही."

बघायच्या आधी. मला माझ्याच दाराची पाटी दिसली. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी लोकांवर ओरडलो, ती ही बाई मला शांतपणे सांगत होती, आणि ज्या आजाराच्या नावातच मूळ आहे त्याला मी पान बघून औषध द्यायला निघालो होतो. मला लाज वाटली. मी म्हणालो, "मॅडम, तुमीच सांगा कोनाकडे जाऊ."

त्यांनी माझ्यासमोर बुलढाण्याला फोन लावला. डॉ. देवानंद म्हणून पोटाचे आणि आतड्याचे सर्जन आहेत, त्यांच्याशी बोलल्या. सगळं नीट सांगितलं, रिपोर्ट मोबाइलवर पाठवला. शेवटी म्हणाल्या, "आणि हो, तपासताना तुमच्या सिस्टर पूर्ण वेळ यांच्याजवळ राहतील, एवढं मला कबूल करा." मग फोन ठेवून गीताबाईला म्हणाल्या, "ताई, ते पुरुष आहेत. पण चांगले आहेत. जाल ना?"

गीताबाईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तुमी म्हनता तर जाईन."

आम्ही तिथूनच चिखलीवरून बुलढाण्याला गेलो. डॉ. देवानंद बुटके, गोलमटोल, बोलायला अगदी घरच्यासारखे. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. मी सवयीप्रमाणे सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "काका, दुखतं कोणाला? तुम्हाला का काकूंना? मग त्यांना बोलू द्या." आणि गीताबाई बोलली. शौचाला किती वेळ लागतो, कोंब बाहेर येतो तो आपोआप आत जातो की बोटाने ढकलावा लागतो, रक्त थेंबथेंब जातं की धार लागते. मी शेजारी बसून ऐकत होतो. हे सगळं माझ्या घरात घडत होतं, माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला. दोन वर्षं होत आली होती, असं तिने सांगितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं. मग आतडं साफ व्हायला पावडर घातलेलं पाणी प्यायला दिलं, जग भरून. त्या पाण्याची चव गीताबाई अजून विसरलेली नाही, आणि त्या दिवसाच्या फेऱ्यांचा हिशोब ती मला करू देत नाही. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीची तपासणी झाली.

त्या तपासणीच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर होतो. मॅडमचं 'दुसरं काही असलं तरी' हे वाक्य डोक्यात घण घालत होतं. मला एरवी कुठे थांबवत नाही. बँकेत रांग असली तर मी भांडतो. तिथे मात्र मी पाऊण तास हललो नाही. महाराजांचा धावा केला. मागण्यासारखं खूप होतं, पण मला एकच सुचत होतं की ही घरी यावी आणि पडद्यातून हात यावा.

डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "काका, आतडं स्वच्छ आहे. वर काहीही नाही. मूळव्याधच आहे, पण तिसऱ्या पायरीची. बहुतेक लोकांचं नुसत्या खाण्यापिण्यावर आणि औषधावर भागतं, कापाकापी लागत नाही. काकू पहिल्या वर्षी आल्या असत्या तर यांचंही भागलं असतं. आता मात्र ऑपरेशन करावं लागेल."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. मला रडू आलं. आलं तर आलं, लपवण्यात काय अर्थ आहे? पंचावन्न-छप्पन वर्षांचा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात रडतो आहे, आणि त्याला कारण काय, तर बायकोला मूळव्याधच आहे म्हणून.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी आलो. मग दीड महिना कोमट पाण्याच्या टबात बसणं, दिवसातून तीनदा. ते पाणी मी तापवलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तुमी राहू द्या, मी करतो." मी म्हणालो, "चूप बस." मग दोघांनाही त्या 'बस'चं हसू आलं. टाके दुखत असूनही ती हसली. भाकरीबरोबर रोज पालेभाजी, काकडी, जेवणानंतर पेरू, तांब्याभर पाणी, सगळं मी समोर उभं राहून करून घेतलं. हळूहळू ओठांना रंग आला. मार्चच्या शेवटी ती एका दमात गच्चीवर गेली. मी खालून पावलं मोजत होतो. मध्ये कुठे थांबली नाहीत.

एप्रिलमध्ये मी इंद्रभानच्या मळ्यातली कोवळी वांगी टोपलीभर घेतली आणि आम्ही दोघं मेहकरला संजीवनी मॅडमचे आभार मानायला गेलो. बुलढाण्याला आधीच जाऊन आलो होतो. पण माझ्या मते खरं ऋण या बाईचं होतं. ऑपरेशन करणारा डॉक्टर सापडतो. 'हे माझं काम नाही' म्हणणारा डॉक्टर सापडायला नशीब लागतं. त्यांनी पिशवीचं काहीतरी काढलं असतं तर मी मान डोलावून सही केली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

मी तसंच बोललो. म्हणालो, "मॅडम, तुमचे लय उपकार. तुमी तो शब्द बरोबर पकडला. आमी म्हटलं अंगावरून जाते, अन तुमी ओळखलं का हे तसं नोहे. दुसरं कोनी असतं तर फसलं असतं."

मॅडम वांग्याच्या टोपलीकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि गीताबाईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू होतं. "मी काही ओळखलं नाही, भगवानराव," त्या म्हणाल्या. "पण ते मी सांगणं बरोबर नाही."

"मी सांगतो," गीताबाई म्हणाली.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. ती आता सरळ बसू शकत होती. "अजी, मी आत गेल्यागेल्याच मॅडमले सांगतलं. का पिशवीचं माहं काही नाई. मले मूळव्याध हाय, ते पाहून द्या, अन कोनता डॉक्टर बरा ते याईले तुमच्या तोंडानं सांगा."

"मंग मले काऊन अंगावरून म्हटलं?"

"मंग काय म्हनू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मूळव्याध म्हटलं असतं तर तुमी काय केलं असतं? इंद्रभानभाऊले काय केलं, ते मी पडद्याआडून ऐकलं ना. तुमी पह्यले हसले असते. मंग गुरुवारी मले शेगावले घेऊन गेले असते, त्या लॉजवर. भाऊ दोन महिने पालथे पडून होते. मी दोन वर्षं इच्चार केला. बाईडॉक्टरकडे न्याले एकच शब्द हाय, ज्याच्यावर तुमी काही इचारत नाई. तो म्हटला."

तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ते मला माहीत होतं. माहीत असूनही तो शब्द ऐकल्यावर माझ्या डोक्यात साधा प्रश्न उठला नाही. ती हे धरूनच चालली होती. मी काय विचारेन आणि काय विचारणार नाही, याचा तिचा अंदाज माझ्या कुठल्याही रोगनिदानापेक्षा पक्का निघाला. मी समजत होतो की योग्य डॉक्टर आपण शोधला, मग समजलो की मॅडमनी शोधला. तो शोधला होता गीताबाईने, स्वयंपाकघरात बसून, रक्त जात असताना, माझ्यापासून लपून.

"माहं चुकलं गीते," मी मॅडमच्या समोरच म्हणालो. तेहेतीस वर्षांत हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हटलं.

"हाव, चुकलं," ती म्हणाली. "चला आता. दुकान उघडाचं हाय."

इंद्रभानचा त्रास पूर्ण गेला नव्हता. मला माहीत होतं, कारण तो अजूनही माझ्या दुकानात बसत नव्हता. मेच्या सुरुवातीला तो मिरचीचं बियाणं विचारायला आला आणि नेहमीसारखा खांबाला टेकला. चार-पाच जण बसलेले होते. त्यातल्या एकाने जुना विनोद काढलाच, "काऊन इंद्रभान, यंदाही उभाच का?" दोघं-तिघं हसले आणि माझ्याकडे बघायला लागले, कारण पुढचं वाक्य माझं होतं.

मी तोंड उघडलं, पण मला नेमके शब्द सापडेनात. माफी मागायची मला सवय नाही. तेवढ्यात पडदा हलला. चहाचा हात येईल म्हणून मी टेबलावरची पावत्यांची चळत बाजूला सरकवली. हात आला नाही, आख्खी गीताबाईच बाहेर आली. डोक्यावर पदर, पण मान वर. सगळे गडबडून सावरून बसले.

"इंद्रभानभाऊ," ती म्हणाली, "मलेही मूळव्याध होती. तुमच्यापेक्षा जास्त. साऱ्या अंगातलं रक्त गेलं होतं. बुलढान्याच्या डॉक्टरनं आधी पाह्यलं, मंग इलाज केला. आता पाहा, मी बरी हाओ. तुमी जा. वहिनीले सोबत घेऊन जा. लाजू नका."

दुकानात कोणी हसलं नाही. तो विनोद काढणारा आपल्या चपलेकडे बघत होता. मी म्हणालो, "इंद्रभान, तुले त्या लॉजवर मी धाडलं होतं. आता गाडी मी काढतो. कधी जाऊ ते सांग."

इंद्रभानने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. खांब सोडून तो पुढे आला. "वहिनी," तो म्हणाला, "त्या डॉक्टरचा नंबर द्या."

मी पावतीपुस्तकाच्या मागचा कागद फाडला, चष्मा शोधला, मोबाइल काढला आणि नावं खाली-वर करायला लागलो.

"तुमी राहू द्या," गीताबाई म्हणाली. "मले पाठ हाय."